चो.

माझ्या वहीत चोरीला एकच अक्षर आहे, चो.
पुढे टिंब. पेन्सिलीनं.
फाउंड्रीच्या टीमचा स्कोअर मी तेरा वर्षं लिहिला
आणि त्यातले बहुतेक चो. एकाच माणसाचे :
परशराम भरमा सांबरेकर, मोल्डिंग खातं,
पगार अकराशे, पैकी दोनशे पळण्याचे.

बेसबॉल म्हणजे काय, गावात कुणाला धड सांगता आलं नाही.
त्याची आई विचारायची,
पोरगं चोरतंय म्हणजे नेमकं काय चोरतंय, ओ मास्तर?
मी म्हटलं, सत्तावीस मीटर जमीन.
मग उताऱ्यावर का चढत नाही, म्हणाली.

व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर
दुसरा बेस म्हणजे गोणपाट, आत लाकडाचा भुसा.
परशा पहिल्यापासून तीन पावलं सुटून उभा राहायचा,
हात लोंबते,
बस यायचीय पण घाई नाही, असा.
चेंडूकडे बघायचाच नाही.
बघायचा पिचरच्या टाचा.
उजवी उचलली तर चेंडू तुझ्याकडे,
डावी उचलली तर घराकडे, सूट.
कोच ओरडायचे, ओडो! ओडो!
बाकावरची पोरं, पळ रे, पळ!
दोन्ही भाषा पोचेपर्यंत
तो तांबडी माती झटकत उभा असायचा.

धारवाडच्या वहीत त्याच्या नावावर एकशे त्र्याण्णव.
मग फाउंड्रीला कुलूप लागलं,
तो कोल्हापूरच्या एका मिलकडून सहा मोसम खेळला.
मी रविवारी निपाणीवरनं एसटीनं जायचो, तिकीट माझं.
तिकडच्या वहीत एकशे अठ्ठावन्न.

धारवाडवाले म्हणतात, तिकडचे आमच्यात धरता येत नाहीत.
कोल्हापूरवाले म्हणतात, आधीचे दुसऱ्या राज्यातले.
दोघंही चहा पाजतात.
बेरीज फक्त माझ्या वहीत, शेवटच्या पानावर,
तीनशे एक्कावन्न,
खाली रेघ, रेघेखाली माझीच सही.
हा विक्रम आहे का, मला विचारू नका.
विक्रमाला हरवायला दुसरा आकडा लागतो,
तो कुठल्या वहीत शोधायचा?

आता एक सांगून टाकतो.
संकेश्वरची मॅच. मरणाचं ऊन, बघायला चौदा माणसं,
त्यातली पाच झाडाखाली झोपलेली.
त्या दिवसाचा एक चो. खरा नव्हे.
कॅचरच्या हातनं चेंडू निसटला, बाभळीत गेला,
आणि मग परशा सुटला.
मग. मी पाहिलंय.
नियम साफ आहे, ही चोरी नव्हे, कॅचरची चूक.
पण पिचरची डावी टाच हलली तेव्हाच
माझी पेन्सिल कागदावर टेकली होती.
परशा जागेवर होता, मी पळालो होतो.
रबर खिशात होतं.

परवा तो पहिल्या रेल्वे गेटाजवळ दिसला,
गुडघ्याला पट्टा, हातात औषधांची पिशवी.
फाटक पडलेलं, मिरजेची गाडी यायची होती.
लोक वाकून फाटकाखालनं चाललेले,
एक बाई तर डोक्यावर भाजीची बुट्टी घेऊन.
हा उभा, तीन पावलं अलीकडे,
हात लोंबते,
नजर गेटमनच्या पायांवर.
मी मनात म्हटलं, आता.
तो हलला नाही.
गाडी गेली. फाटक करकरत वर गेलं,
स्कूटरींनी एकदम हॉर्न लावले.
त्या गोंधळात तो माझ्याकडे न बघताच म्हणाला,
मास्तर, संकेश्वरचा तेवढा खोडा की ओ.

रबर खिशातच होतं.
अजून आहे.